'व्हॅम्पायर' ही संज्ञा आणि मराठी लोकपरंपरेतील रक्तपिपासू : एक समीक्षात्मक अभ्यास (विशेष संदर्भ : बुलढाणा जिल्हा)

प्रास्ताविक

मृत्यूनंतरही माणूस पूर्णपणे नाहीसा होत नाही, अशी समजूत जवळजवळ सर्व मानवसमाजांत आढळते. या समजुतीचे सर्वांत भयप्रद रूप म्हणजे जिवंतांचे रक्त शोषून टिकून राहणारे मृत. इंग्रजी वाङ्मयाच्या आणि चित्रपटांच्या द्वारे 'व्हॅम्पायर' ही संज्ञा आज मराठी वाचकाच्याही परिचयाची झाली आहे. त्यामुळे आपल्याकडील वेताळ, हडळ, जखीण, डाकीण या साऱ्यांना 'भारतीय व्हॅम्पायर' असे सरसकट संबोधण्याची प्रथा पडली आहे. जगभरच्या रक्तपिपासूंची यादी करणाऱ्या ग्रंथांत तर वेताळाला हमखास स्थान मिळते.

अशा याद्यांमुळे साम्य चटकन दिसते, परंतु भेद झाकले जातात. लोककथेतील भूत हे त्या समाजाच्या अंत्यविधींतून, रोगराईतून, कुटुंबरचनेतून आणि सत्तासंबंधांतून आकार घेत असते. कोणत्या समाजाने रक्त पिण्याचा आरोप कोणावर केला, हे पाहिले की त्या समाजाला भय कशाचे होते आणि त्या भयाची किंमत कोणी मोजली, हे कळू लागते. प्रस्तुत लेखात 'व्हॅम्पायर' या संज्ञेची या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) युरोपीय व्हॅम्पायर-कल्पनेची ऐतिहासिक घडण समजून घेणे.
२) वेताळाला व्हॅम्पायर मानणाऱ्या भाषांतराची समीक्षा करणे.
३) मराठी लोकपरंपरेतील रक्तपिपासू स्त्री-शक्तींचे स्वरूप व त्यांचे रूपांतर तपासणे.
४) बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात या श्रद्धांचे सामाजिक परिणाम विचारात घेणे.

युरोपीय व्हॅम्पायर : कबरीतून उठलेला देह

व्हॅम्पायर हा अतिप्राचीन आणि सार्वत्रिक प्राणी आहे असे मानले जाते. पण आज आपण ज्याला व्हॅम्पायर म्हणतो त्याचा लेखी इतिहास मुख्यतः अठराव्या शतकातला आहे. १७१८ च्या पासारोवित्स तहानंतर उत्तर सर्बियाचा प्रदेश ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला. तेथील खेडुतांच्या रूढी नव्या अधिकाऱ्यांच्या नजरेस पडल्या आणि त्यांची सरकारी कागदांत नोंद होऊ लागली. १७२५ मध्ये किसिल्येव्हो या खेड्यात पेटार ब्लागोयेविच नावाच्या शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. गावकऱ्यांनी त्याचे प्रेत उकरून काढले, त्याच्या छातीत मेख ठोकली आणि ते जाळले. पुढे मेदवेद्या गावातील आर्नोल्ड पाओले प्रकरणाची चौकशी लष्करी शल्यचिकित्सक फ्ल्युकिंगर यांनी केली व १७३२ च्या जानेवारीत आपला अहवाल सादर केला. या अहवालाची चर्चा युरोपभर झाली आणि त्याच वर्षी 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत पोहोचला.

उकरून काढलेल्या प्रेतांविषयी या अहवालांत जे लिहिले आहे ते खोटे नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. प्रेत फुगलेले होते, ओठांवर रक्त होते, जुनी त्वचा व नखे गळून खाली नवी दिसत होती, अशी निरीक्षणे त्यांत आहेत. पॉल बार्बर यांनी १९८८ च्या 'व्हॅम्पायर्स, बरिअल अँड डेथ' या ग्रंथात या प्रत्येक लक्षणाचा उलगडा केला आहे. कुजण्याच्या प्रक्रियेत पोटात वायू साठतो व देह फुगतो. त्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडानाकावाटे बाहेर येतो. वरची त्वचा सुटून आतील लालसर थर उघडा पडतो. तात्पर्य, गावकऱ्यांनी पाहिले ते खरे होते, परंतु त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता. साथीचा रोग घरातून घरात का पसरतो याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि ते उत्तर त्यांनी पहिल्या मृताच्या कबरीत शोधले.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड प्रांतात एक्झिटर येथे १८९२ मध्ये घडलेली घटना याच प्रकारची आहे. क्षयरोगाने एकामागून एक माणसे गमावलेल्या ब्राउन कुटुंबातील मर्सी या तरुणीचे प्रेत उकरले गेले. तिचे हृदय जाळून त्याची राख तिच्या आजारी भावाला औषध म्हणून पाजण्यात आली. तो भाऊही वाचला नाही. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले ते १८८२ मध्ये, म्हणजे या घटनेच्या दहा वर्षे आधी. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते गावातील शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे, या दोहोंत किती अंतर असते हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शासनाच्या हस्तक्षेपाचा दाखलाही याच इतिहासात आहे. सम्राज्ञी मारिया थेरेसा यांनी आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्या अहवालानंतर १७५५ मध्ये प्रेते उकरण्याच्या व जाळण्याच्या प्रकारांवर बंदी घातली. हंगेरियन इतिहासकार गाबोर क्लानित्साय यांनी असे दाखविले आहे की, हाब्सबुर्ग साम्राज्यात चेटकिणींवरील खटले ओसरण्याचा आणि व्हॅम्पायरविषयक कुतूहल वाढण्याचा काळ एकच आहे. जिवंत स्त्रीला जाळण्याऐवजी मृताच्या छातीत मेख ठोकणे ही बीभत्स गोष्ट खरीच, परंतु त्यात जिवंत माणसाचा बळी जात नव्हता. पुढील विवेचनासाठी हा मुद्दा कळीचा आहे.

त्यानंतर हा खेडवळ, फुगलेला, दुर्गंधीयुक्त मृत साहित्यात शिरला आणि त्याचे रूप पालटले. पॉलिडोरी यांची 'द व्हॅम्पायर' (१८१९), ल फानू यांची 'कार्मिला' (१८७२) आणि ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' (१८९७) या कृतींनी त्याला सरदारी पोशाख व किल्ला दिला. आज आपल्या मनातील व्हॅम्पायर हा या कादंबऱ्यांतला आहे. सर्बियातील शेतकऱ्यांचा व्हॅम्पायर त्याहून पुष्कळ वेगळा होता.

वेताळ : एका भाषांतराची समीक्षा

वेताळाला व्हॅम्पायर ठरविण्याचे श्रेय प्रामुख्याने रिचर्ड बर्टन यांच्याकडे जाते. त्यांचे 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' हे पुस्तक १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ पंचवीस कथांपैकी निवडक कथा घेऊन त्यांनी त्या इंग्रज वाचकाच्या रुचीनुसार मोकळेपणाने रंगविल्या आणि वेताळाला वटवाघळाचे रूप दिले. शीर्षकातील एका शब्दाने जो अर्थ रूढ झाला तो आजतागायत टिकून आहे.

मूळ कथेकडे पाहिले असता काय दिसते? अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागर' या ग्रंथात ही कथामाला आली आहे. तेथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन असून त्याची राजधानी गोदातीरावरील प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही आहे. क्षान्तिशील नावाचा भिक्षू राजाकडून स्मशानातील शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत मागवितो. त्या प्रेतात वेताळ वस्तीला आहे. वाटेत तो राजाला कथा सांगतो, न्यायाचा प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळताच पुन्हा झाडावर जातो. अखेर भिक्षूचा खरा डाव तोच उघड करतो. राजाचा बळी देऊन सिद्धी मिळविण्याचा तो डाव असतो. वेताळाच्या सल्ल्यामुळे राजाचे प्राण वाचतात.

या कथेत वेताळ कोणाचेही रक्त पीत नाही. रक्ताची अपेक्षा आहे ती साधूच्या वेशातील माणसाला. स्मशानातले भूत सत्य बोलते आणि राजसभेत रोज फळ घेऊन येणारा विरक्त पुरुष मात्र घातकी निघतो, ही या कथाचौकटीची मध्यवर्ती कल्पना आहे. 'व्हॅम्पायर' या एका शब्दाने नेमकी तीच उलटी होते. वाचकाचा संशय साधूवर जाण्याऐवजी वेताळावर जातो. शब्दाला शब्द देताना भाषांतरकाराने कथेतील नैतिक भारच इकडचा तिकडे केला, असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे ठरू नये. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्येच 'वेताळपंचविशी' आणली होती. मराठी वाचकाला वेताळ भेटला तो कोडी घालणारा व न्यायबुद्धीची परीक्षा घेणारा म्हणून.

लोकधर्मातील वेताळ तर याहूनही दूरचा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवलीचा श्री देव वेतोबा हा गावाचा रक्षक आहे. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, अशा श्रद्धेने त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा आणि केळी अर्पण केली जातात. गोव्यात आमोणे, लोलये इत्यादी गावी बेताळ हे ग्रामदैवत आहे. दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात महाराष्ट्रातील वेताळाच्या ठाण्यांचा विचार प्राचीन लोकदैवतांच्या परंपरेत केला आहे. भुतांचा अधिपती असूनही, किंबहुना असल्यामुळेच, तो गावाला भुतांपासून वाचवितो. अशा देवतेला रक्तपिपासू प्रेत म्हणणे ही केवळ भाषिक चूक मानता येणार नाही, तिने एका जिवंत उपासनेचा अर्थच हरवतो.

दहन, दफन आणि भुताचे शरीर

युरोपीय पद्धतीचा व्हॅम्पायर आपल्या परंपरेत का निर्माण झाला नसावा? याचे एक उत्तर अंत्यविधीत सापडते. व्हॅम्पायरला शरीर लागते. ते कबरीत टिकलेले असावे लागते आणि संशय आल्यास उकरून पाहता यावे लागते. जेथे दहनाची रूढी प्रबळ आहे तेथे तिसऱ्या दिवशी अस्थी आणि राख एवढेच उरते. आपल्याकडेही अनेक समाजांत, तसेच लहान मुलांच्या बाबतीत, दफनाची चाल आहे. परंतु भूतकल्पनेवर ठसा उमटला तो मुख्यतः दहनाचा.

त्यामुळे येथील भूत बहुधा अशरीरी असते. ते 'लागते', 'झपाटते', 'धरते', 'अंगात येते'. ही सर्व क्रियापदे दुसऱ्याच्या शरीराची अपेक्षा करणारी आहेत. युरोपीय व्हॅम्पायर म्हणजे आत्म्यावाचूनचा देह, तर आपले भूत म्हणजे देहावाचूनचा आत्मा, असा हा भेद ढोबळमानाने मांडता येईल. कथेतील वेताळालाही स्वतःचे शरीर नाही, तो परक्या प्रेतात राहतो.

या भेदाचा परिणाम केवळ कथेपुरता राहत नाही. भूत कबरीत असेल तर उपाय कबरीवर होतो. भूत जिवंत माणसाच्या अंगात असेल तर उपायही त्या जिवंत अंगावरच होतो. धूर देणे, मारणे, केस ओढणे, साखळीने बांधणे हे सर्व 'भुताला' केले जाते, पण वेदना होतात त्या माणसाला. आणि रक्त शोषणारी शक्ती एखाद्या जिवंत स्त्रीतच वास करते असे ठरले, म्हणजे तिला डाकीण वा चेटकीण म्हटले गेले, तर तिच्या जिवावरच बेतते. मेख ठोकायला मृतदेह उपलब्ध नसला की ती जिवंतावर उगारली जाते.

बाळंतिणीचे भूत : एका मृत्यूची लोकस्मृती

जगभरच्या रक्तपिपासूंची दुसरी एक परंपरा आहे, आणि मराठी लोककथांचे खरे नाते तिच्याशी आहे. मेसोपोटेमियातील लमाश्तू गर्भवतींवर व नवजात बालकांवर घाला घाली. ग्रीक लामिया मुले पळवी. मलय प्रदेशातील पोंतियानाक ही बाळंतपणात मेलेली स्त्री आहे. फिलिपिन्समधील मनानांगाल धडापासून वेगळी होऊन उडते आणि गर्भाचा घास घेते. या सर्वांचे लक्ष्य एकच आहे : प्रसूतीचा क्षण, माता आणि मूल.

मराठी लोकसमजुतीतील हडळ, जखीण, अळवंत यांची घडण याच जातीची आहे. मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडून ए. एम. टी. जॅक्सन यांनी मिळविलेली माहिती आर. ई. एन्थोव्हेन यांनी संकलित केली आणि तिचा कोकणविषयक भाग १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्री-भुतांच्या अनेक प्रकारांची नोंद तेथे मिळते. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. १८५३ पासून ब्रिटिश प्रशासनाखाली आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेल्या या प्रदेशाचा, व त्यासोबत बुलढाणा जिल्ह्याचा, त्या संकलनात समावेश होण्याचे कारण नव्हते.

बाळंतपणात, विटाळात अथवा इच्छा अपुरी राहून मेलेली स्त्री उलट्या पावलांची हडळ होते, ही समजूत मात्र महाराष्ट्रभर आहे. उत्तर भारतातील चुडेलीविषयी विल्यम क्रूक यांनी नोंदविलेले उपाय, म्हणजे प्रेताला खिळे ठोकणे आणि वाटेवर मोहरी विखुरणे, पूर्व युरोपात व्हॅम्पायरच्या वाटेवर खसखस टाकण्याच्या रूढीशी विलक्षण जुळतात. मृताला दाणे वेचण्यात गुंतवून ठेवावे आणि तेवढ्यात उजाडावे, अशी ही भाबडी युक्ती आहे.

पण या समजुतीत एक करुण गोष्ट दडलेली आहे. जी स्त्री उपचाराअभावी रक्तस्रावाने किंवा सूतिकाज्वराने मेली, तिचीच आठवण गावाने भयाच्या रूपात जपली. तिचे रक्त वाहून गेले होते, आणि कथेने मात्र तिलाच रक्त पिणारी केले. तिला वाचविता आले नाही या जाणिवेचे ओझे जिवंतांना पेलवत नसावे, म्हणून पीडितेला पीडा देणारी ठरवून समाजाने आपली सुटका करून घेतली, असा याचा अर्थ लावता येतो. हडळीच्या कथा मातामृत्यूची लोकस्मृती म्हणून वाचल्या पाहिजेत, हे या लेखाचे एक प्रमुख प्रतिपादन आहे.

रक्ताचा प्रश्न आजही संपलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचाही प्रादुर्भाव आहे. पांढरी पडलेली, दम लागणारी, कामाच्या रगाड्यात चक्कर येऊन पडणारी तरुण सून 'बाहेरच्या बाधेने' सुकत चालली आहे असे घरच्यांना वाटते, तेव्हा तिच्या रक्तातील उणीव मोजली जात नाही.

जरा ते जिवती : रक्तपिपासूचे दैवतीकरण

तथापि आपल्या परंपरेने रक्तपिपासू स्त्रीला केवळ भयाच्या कोपऱ्यात ठेवले, असे म्हणणे एकांगी होईल. महाभारताच्या सभापर्वात जरा नावाची मांस व रक्त भक्षण करणारी राक्षसी येते. टाकून दिलेली बालकाची दोन शकले ती जोडते आणि जरासंध जिवंत होतो. भक्षक म्हणून आलेली ही स्त्री जीवदात्री ठरते. महाराष्ट्रात श्रावणातील शुक्रवारी मुलांच्या आयुष्यासाठी जिवतीचा कागद भिंतीवर लावून पूजा केली जाते. त्या पूजेतील जरा-जिवंतिका या जोडीत हीच जरा मातृरूपाने आढळते. मुलाच्या जन्मानंतर पाचवी-सहावीला पुजली जाणारी सटवाई, म्हणजे षष्ठी, हिचाही प्रवास असाच आहे. बालकांना पीडा देणाऱ्या ग्रहांच्या वर्गातून ती बालकाचे भाग्य लिहिणाऱ्या देवतेपर्यंत पोहोचली. तरीही तिच्याविषयीचे भय पूर्णपणे गेलेले नाही. बाळाच्या उशाशी ठेवलेला विळा त्याची साक्ष देतो.

युरोपीय व्हॅम्पायरला मुक्ती म्हणजे नाश. आपल्या लोकधर्माने मात्र भक्षक शक्तीला नैवेद्य देऊन, नाते जोडून, घरात सामावून घेण्याचा मार्गही शोधला. दैवताच्या बाबतीत जे औदार्य दाखविले गेले ते जिवंत स्त्रीच्या वाट्याला का आले नाही, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. कागदावरच्या जरेची पूजा होते आणि गावातल्या एकट्या, निपुत्रिक वा विधवा वृद्धेकडे बाळाला दृष्ट लावणारी म्हणून पाहिले जाते. ही विसंगती समीक्षकाने नजरेआड करता कामा नये.

बुलढाणा जिल्हा : लोणार आणि सैलानी

या जिल्ह्यातील दोन स्थळे प्रस्तुत विषयावर वेगळा प्रकाश टाकतात. पहिले लोणार. बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगप्रसिद्ध आहे. स्थलकथेनुसार येथे लोणासुर अथवा लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहून लोकांना छळत होता. विष्णूने दैत्यसूदन रूपाने त्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि त्यातील क्षार हे त्याचे मांस, असे मानले गेले. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर या कथेचे शिल्परूप आहे.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी अकस्मात गुलाबी-लालसर झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील परीक्षणातून खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचे निष्पन्न झाले. याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. कथेने ज्याला रक्त म्हटले तेथे विज्ञानाला जीवसृष्टी दिसली. सर्बियातील प्रेताच्या ओठांवरील रक्ताचे आणि लोणारच्या लाल पाण्याचे तात्पर्य एकच आहे : डोळ्यांना दिसते ते खरे असू शकते, कारण मात्र तपासून घ्यावे लागते. यात कथेचा अवमान नाही. कथा कथा म्हणून जपावी आणि पाणी प्रयोगशाळेत न्यावे, या दोन्ही गोष्टी एकाच समाजाला साधता येतात, हे लोणारने दाखवून दिले आहे.

दुसरे स्थळ म्हणजे पिंपळगाव सराई जवळील सैलानी बाबांचा दर्गा. होळीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटविली जाते. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतील भाविक येथे येतात. भूतबाधा झाली असे समजून अनेक मनोरुग्णांना त्यांचे नातेवाईक येथे आणतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. या ठिकाणचा विचार करताना उपहास उपयोगाचा नाही. ज्या कुटुंबाला मानसोपचारतज्ज्ञ गाठणे परवडत नाही आणि शेजारीपाजारी ज्यांना टाळतात, त्यांना अशा ठिकाणी निदान आपल्यासारखीच दुःखी माणसे भेटतात. श्रद्धेचा हा आधार खरा आहे. पण आधार आणि उपचार यांत फरक आहे, आणि उपचाराच्या नावाखाली होणारे बंधन तर सर्वस्वी वेगळे आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण सुटका करून घेता न आल्याने मरण पावले. देशातील प्रत्येक श्रद्धास्थानाने ही घटना स्मरणात ठेवली पाहिजे.

कायद्याच्या क्षेत्रात त्यानंतर काही पावले पडली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे व मारहाण करणे, एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे, साप-विंचू-कुत्रा चावल्यास वैद्यकीय उपचार रोखणे ही कृत्ये आता गुन्हा ठरतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनोरुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. व्हान स्वीटेन यांच्या सल्ल्याने १७५५ मध्ये मृतांना जे संरक्षण मिळाले, ते आपल्याकडे जिवंतांना मिळण्यास एवढा काळ लागला.

रक्तशोषणाचे रूपक : सामर्थ्य आणि धोका

मराठीत पिळवणुकीसाठी 'शोषण' हा शब्द रूढ आहे. जळू, गोचीड, ढेकूण ही रक्तशोषकांची नावे आपण माणसांच्या वृत्तींना सहज लावतो. 'रक्त पिणारा सावकार' हा वाक्प्रयोग शेतकऱ्याच्या तोंडी असतो. कार्ल मार्क्स यांनीही 'भांडवल' (१८६७) या ग्रंथात जिवंत श्रमावर पोसल्या जाणाऱ्या भांडवलासाठी व्हॅम्पायरचे रूपक योजले. आपल्याकडे महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये कुणब्याच्या दैन्याची कारणे दैवात न शोधता नोकरशाही, सावकारी आणि धर्माच्या नावाने होणारी लुबाडणूक यांत शोधली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. अशा जिल्ह्यात रक्तशोषणाचे रूपक पुस्तकी वाटत नाही.

तथापि रूपकालाही मर्यादा आहे. व्यवस्थेला रक्तपिपासू म्हटल्याने तिचे स्वरूप उघड होते, परंतु एखाद्या जातीला, धर्माला वा व्यक्तीला तसे म्हटल्याने तिच्याविरुद्धची हिंसा सोपी होते. मध्ययुगीन युरोपात ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात असा खोटा आरोप वारंवार झाला आणि त्यातून अनेक हत्याकांडे घडली. म्हणून सावकारीचा प्रश्न महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ सारख्या कायद्याच्या, सहज मिळणाऱ्या पीककर्जाच्या आणि रास्त भावाच्या भाषेत सोडवावा लागतो. भुताची भाषा दुःख व्यक्त करण्यास समर्थ आहे, त्यावर तोडगा काढण्यास ती अपुरी पडते.

आधुनिक मराठी साहित्यातही आयात व्हॅम्पायर आला आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांची 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे. हे शीर्षक मराठी कानाला 'लुचणे' या, आईच्या दुधाशी निगडित असलेल्या, क्रियापदाची आठवण करून देते. एका शब्दानेच परके भय घरातले वाटू लागते. बर्टन यांनी आपला वेताळ परका केला, तर धारपांनी परका रक्तपिपासू मराठीत रुजविण्याचा प्रयत्न केला. कबर, क्रूस आणि दफन यांच्या आधाराने उभे असलेले भय दहनाच्या संस्कृतीत कितपत मूळ धरते, हा प्रश्न अशा प्रत्येक रूपांतरापुढे असतो, आणि मराठी भयकथेच्या समीक्षेने त्याची अद्याप पुरेशी दखल घेतलेली नाही.

निष्कर्ष

१) 'व्हॅम्पायर' ही संज्ञा सार्वत्रिक नसून दफनाच्या संस्कृतीतून आणि अठराव्या शतकातील पूर्व युरोपच्या प्रशासकीय नोंदींतून घडलेली आहे.
२) वेताळाला व्हॅम्पायर म्हणणे चुकीचे आहे. त्यामुळे 'वेताळपंचविशी'चा नैतिक आशय आणि वेताळाचे ग्रामरक्षक स्वरूप दोन्ही झाकोळली जातात.
३) मराठी रक्तपिपासू परंपरेचे खरे नाते प्रसूतीशी निगडित स्त्री-शक्तींच्या जागतिक परंपरेशी आहे. हडळ ही मातामृत्यूची विपर्यस्त लोकस्मृती आहे.
४) भूत अशरीरी मानले गेल्यामुळे उपायांची हिंसा जिवंत शरीरावर, विशेषतः स्त्रिया व मनोरुग्ण यांच्यावर, वळते.
५) जरा-जिवंतिका व सटवाई यांच्या रूपाने भक्षक शक्तीला सामावून घेणारा उदार प्रवाहही याच परंपरेत आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्याला त्याचा आधार घेता येईल.

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभागांनी एकत्र येऊन घाटावरच्या व घाटाखालच्या गावांतील अशा कथांचे पद्धतशीर संकलन हाती घेतल्यास मोठे काम होईल. कथा टिपताना ती सांगणाऱ्या आजीला एक प्रश्न मात्र जरूर विचारावा : हडळ झाली असे म्हणतात ती बाई मेली कशाने? अनेक कथांच्या मुळाशी वेळेवर न आलेली बैलगाडी, न मिळालेले रक्त आणि न बोलाविलेला डॉक्टर सापडण्याची शक्यता आहे. त्या बाईचे नाव गावाच्या भुतांच्या यादीतून काढून माणसांच्या यादीत नोंदविणे, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.